गीत : पारंपरिक

दिवाळीत मंगरुळपीरला घरी गेलो की माझी एक ठरलेली ड्यूटी असते. पुण्यात मी 'सॉफ्टवेअरमध्ये' आहे, आणि आमच्या गल्लीत सॉफ्टवेअर ह्या शब्दाचा अर्थ 'मोबाईल दुरुस्त करणारा' असा आहे. तो गैरसमज दूर करायचा प्रयत्न मी कधीच सोडून दिलाय. तर गेल्या दिवाळीत शेजारचे काका फोन घेऊन आले. "पाय बरं, याचा आवाजच निंगत नाई." स्पीकरच्या जाळीत कापसाची धूळ बसली होती. सुईने काढली. आता आवाज तपासायचा म्हणून यूट्यूबवर काहीतरी लावायचं, तर म्हटलं काकांचंच गाणं लावू.

काकांचंच म्हणजे त्यांनी लिहिलेलं. काकांनी उभा जन्म जिनिंगात रुईच्या गाठी उचलल्या आणि रात्री शंभर पानी वहीत भीमगीतं लिहिली. त्यातली आठ गाणी २००६ साली एका अल्बममध्ये आली होती. चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत आजही त्यातलं एक तरी वाजतं. शब्द टाकले आणि गाणं लगेच सापडलं. पडद्यावर अल्बमचं कव्हर. ऐकणारे लाखाच्या वर. आणि खाली माहितीत गायकाचं नाव, निर्मात्याचं नाव, मग एक ओळ : 'गीत : पारंपरिक'.

काकांना वाचता येतं, हीच अडचण होती. चष्मा वर करून त्यांनी ती ओळ दोनदा वाचली आणि हसून म्हणाले, "म्हंजे मी जित्तेपनीच परंपरा झालो म्हना की."

ते हसले. मला हसता आलं नाही. कारण ते कव्हर मी बनवलेलं होतं.

तेव्हा मी इंजिनिअरिंगला होतो आणि सुट्टीत एसटी स्टँडजवळच्या एका दुकानात बसायचो. झेरॉक्स, लॅमिनेशन, मराठी टायपिंग, लग्नपत्रिका, आणि बोर्डावर नंतर वाढवलेलं 'सीडी कव्हर डिझाइन करून मिळेल'. २५६ एमबी रॅमचा काँप्युटर, त्यात फोटोशॉप ७ (कुठल्या सीडीवरून घातलं होतं ते विचारू नका). २००२ सालची ती आवृत्ती तालुक्याच्या दुकानांमध्ये पुढची दहा वर्षं चालली.

ज्यांनी हे काम केलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. सीडीच्या कव्हरचा चौकोन १२ सेंटीमीटरचा. ३०० डीपीआयला १४१७ पिक्सेल, शिवाय कापणीसाठी चारी बाजूंनी ३ मिलीमीटर जास्त. पार्टी स्टुडिओतून काढलेले फोटो घेऊन येते. ते स्कॅन करायचे, लॅसोने माणूस कापायचा, कडा थोड्या मऊ करायच्या, मागे 'आउटर ग्लो' द्यायचा म्हणजे कात्रीचे हिसके झाकले जातात. (त्या काळच्या सगळ्या कव्हरांवरच्या माणसांना तेजोवलय का असतं, तर त्याचं कारण हे आहे. भक्ती नाही, वाईट कटिंग.) मागे निळ्याकडून केशरीकडे जाणारा ग्रेडियंट किंवा उगवता सूर्य. शीर्षकाला 'बेव्हल अँड एम्बॉस' आणि पिवळी कड.

अक्षरांची तर वेगळीच कथा. फोटोशॉप ७ ला युनिकोड देवनागरी नीट जोडता यायची नाही. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या पुढे जाऊन बसायची, जोडाक्षरं फुटून पायमोडकी उभी राहायची. म्हणून श्रीलिपी किंवा आयएसएमचे फॉन्ट वापरायचे. ह्या फॉन्टांत रोमन अक्षरांच्या जागी मराठी अक्षरांचे तुकडे बसवलेले असत. माणसाला दिसतं मराठी, काँप्युटरला वाटतं कुणीतरी इंग्रजीत बरळतंय. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

तर त्या कव्हरवर वर बाबासाहेब आणि बुद्ध, मध्ये गायक माइक धरून, डाव्या कोपऱ्यात निर्माता. खाली एक पट्टी : गायक, संगीत, गीतकार. गीतकार म्हणजे काका. प्रूफ झालं, पार्टीने पाहिलं, पसंत केलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पार्टी परत आली. सोबत दोन शुभेच्छुकांचे फोटो. ह्यांनी पैसे दिलेत, हे आलेच पाहिजेत, आणि रात्रीच्या गाडीने फाइल प्रिंटिंगला अकोल्याला गेली पाहिजे.

जागा कुठून आणायची? मी फोटो लहान करून पाहिले. "तोंडं दिसत नाईत" म्हणाले. सूर्य सरकवला. शेवटी ती पट्टी उरली. गायकाचं नाव फोटोखाली गेलं, संगीतकाराचं त्याच्या बाजूला. गीतकाराचा फोटो नव्हता, त्यामुळे नाव टांगायला खुंटी नव्हती. मी लेअर्सच्या यादीत त्या नावासमोरच्या डोळ्यावर क्लिक केलं. फोटोशॉप वापरणाऱ्यांना माहीत आहे, लेअरसमोर एक छोटा डोळा असतो. तो बंद केला की लेअर फाइलमध्ये राहतो पण दिसत नाही. एक क्लिक. माझ्या मनात होतं की मागच्या बाजूला टाकू. मागच्या बाजूला गाण्यांची यादी आणि आणखी तीन शुभेच्छुक होते. राहून गेलं.

आणि हे लिहायला मला जड जातंय, पण लिहितो. तळाला आमच्या दुकानाचं नाव आणि मोबाईल नंबर होता. तो लेअर मी बंद केला नाही.

तेव्हा काका काही बोलले नाहीत. त्यांना दहा सीड्या मिळाल्या, त्यांनी त्या नातेवाइकांत वाटल्या. गाण्याच्या शेवटच्या कडव्यात त्यांचं नाव गुंफलेलं होतं. पण स्टुडिओत गाणं लांबतंय म्हणून नेमकं तेच कडवं कापलं गेलं होतं. म्हणजे गाण्यातून नाव गेलं स्टुडिओत, कव्हरवरून गेलं माझ्या हाताने.

असो. परत दिवाळीकडे येतो.

गाणं अपलोड करणारा मुलगा निर्मात्यांच्या घरातलाच निघाला. मी फोन केला. म्हटलं, बाबा रे, हे पारंपरिक नाही, लिहिणारा माणूस माझ्यासमोर बसलाय. तो वाईट मुलगा नव्हता. तो म्हणाला, "दादा, कव्हरवर गीतकाराचं नाव नाई. मी कव्हर पाहूनच सगळं टाकलं. नाव असतं तर टाकलंच असतं ना. आन् कव्हर तर तुमच्याच दुकानातून झालं, खाली नंबर हाय."

ह्याला उत्तर नाही. वीस वर्षांपूर्वी मी केलेली एक क्लिक आज पुरावा म्हणून माझ्यासमोर ठेवली जात होती. आणि पुरावा म्हणून ती चोख होती.

इथूनच माझा मुद्दा सुरू होतो. डिझाइन शिकवणारे, शिकणारे, त्यावर व्हिडिओ बनवणारे सगळे कव्हरकडे चित्र म्हणून बघतात. रंगसंगती, फॉन्ट, 'लूक'. मी म्हणतो कव्हर ही आधी नोंद आहे, मग चित्र. सातबाऱ्याला कुणी छान बॉर्डर काढली तर हरकत नाही, पण बॉर्डर बसवण्यासाठी मालकाचं नाव काढलं तर त्याला आपण डिझाइन म्हणणार का?

इतिहासही तेच सांगतो. ७८ आरपीएमच्या तबकड्या ज्या कागदी पाकिटात यायच्या, त्याला मधोमध गोल भोक असायचं. कशासाठी? तबकडीच्या लेबलवरची नावं दिसावीत म्हणून. चित्राचं कव्हर नंतर आलं. अमेरिकेत कोलंबिया कंपनीत अ‍ॅलेक्स स्टाइनवाइस ह्या डिझायनरने १९४० च्या सुमारास ते रूढ केलं. म्हणजे आधी नाव, मग चित्र.

आपल्याकडचं उदाहरण आणखी बोलकं आहे. नोव्हेंबर १९०२ मध्ये कलकत्त्यात ग्रामोफोन कंपनीच्या फ्रेड गैसबर्गने गौहर जानचं गाणं ध्वनिमुद्रित केलं. गाणं संपल्यावर गौहर जान स्वतःच्या आवाजात, इंग्रजीत, आपलं नाव सांगते. तबकड्या बनायच्या जर्मनीत हॅनोव्हरला, तिथल्या कामगारांना हे कुणाचं गाणं ते कळावं म्हणून ही सोय होती असं सांगतात. सोय कुणाचीही असो, परिणाम बघा. लेबल फाटलं, पाकीट हरवलं, तरी एकशेवीसहून जास्त वर्षांनंतर ते नाव गाण्यापासून वेगळं काढता येत नाही.

आपल्या संतांना तर हे केव्हाच कळलं होतं. 'तुका म्हणे', 'नामा म्हणे', 'जनी म्हणे' ही नाममुद्रा काय आहे? ज्या काळात कव्हर नव्हतं, छापखाना नव्हता, अभंग तोंडातून तोंडात जायचा, त्या काळात नाव गाण्याच्या आत शिवून टाकलेलं होतं. वामनदादा कर्डक (ते २००४ साली वारले) शेवटच्या कडव्यात 'वामन' घालायचे ते ह्याच परंपरेतून. आमच्या काकांनी तेच केलं होतं. खरी 'पारंपरिक' गोष्ट म्हणाल तर ही होती, कवीने आपलं नाव घालणं. आणि नेमकी तीच कापून आपण वर 'पारंपरिक' असा शिक्का मारला.

नाव गळणं फक्त गरिबांच्या अल्बमांत होतं असंही नाही. १९४९ च्या 'महल' चित्रपटाच्या तबकडीवर लता मंगेशकरांच्या जागी 'कामिनी' हे नाव होतं. ते चित्रपटातल्या पात्राचं नाव. हा आवाज कुणाचा म्हणून रेडिओवर श्रोत्यांची विचारणा सुरू झाली तेव्हा खरं नाव बाहेर आलं. तबकडीवर गाणाऱ्याचं नाव हवं ह्यासाठी पुढे लताबाईंनी आग्रह धरला. त्यांना आग्रह धरावा लागला, तिथे जिनिंगातल्या हमालाची काय कथा!

आता कायदा. मी वकील नाही, पण त्या फोननंतर कॉपीराइट कायदा, १९५७ घेऊन बसलो. तीन-चार कलमं प्रत्येक डिझाइनच्या दुकानात भिंतीवर लावावीत अशी आहेत.

कलम ५५ चं दुसरं पोटकलम असं की प्रसिद्ध झालेल्या प्रतींवर लेखक म्हणून ज्याचं नाव आहे, कॉपीराइटच्या भंगाच्या दाव्यात तोच लेखक आहे असं न्यायालय गृहीत धरतं, उलट सिद्ध होईपर्यंत. नीट वाचा. प्रतीवर नाव असेल तर तुमचं म्हणणं खोटं ठरवायची जबाबदारी समोरच्यावर. नाव नसेल तर तुम्ही वही घेऊन फिरा. मी तो डोळा बंद केला तेव्हा फक्त एक ओळ लपवली नाही, एका माणसाच्या बाजूचं हे गृहीतक काढून घेतलं.

कलम ५७ सांगतं की हक्क विकले तरी 'हे मी लिहिलंय' असं सांगण्याचा लेखकाचा अधिकार शाबूत राहतो. २०१२ च्या दुरुस्तीने कलम ३८ब आलं, त्यात गाणाऱ्या-वाजवणाऱ्यालाही कलाकार म्हणून ओळखलं जाण्याचा हक्क मिळाला. ढोलकीवाला, बँजोवाला, कोरसमधल्या दोन पोरी, सगळे त्यात आले.

आणि कलम ५२अ. ह्यानुसार ध्वनिमुद्रणावर आणि त्याच्या वेष्टनावर काय छापणं सक्तीचं आहे? ते बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, कॉपीराइटच्या मालकाचं नाव-पत्ता आणि पहिल्या प्रकाशनाचं वर्ष. मोडलं तर तीन वर्षांपर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो. छान. पण गीतकाराचं नाव छापण्याची सक्ती ह्या यादीत नाही! निर्मात्याचा पत्ता नाही छापला तर तुरुंग, कवीचं नाव नाही छापलं तर कवीने स्वतः हक्क मागत फिरायचं. जी गोष्ट कायद्याने भागत नाही ती माऊस हातात असलेल्यानेच पाळली पाहिजे, म्हणून हा लेख डिझायनरांना उद्देशून आहे.

ह्यावर नेहमीचे आक्षेप येतात. एकेक घेऊ.

पहिला आक्षेप, जागा नाही. मी ती जुनी फाइल घेऊन हिशोब केला. कव्हर १४४ चौरस सेंटीमीटर. काकांच्या नावाची ओळ ५ सेंटीमीटर लांब, ४ मिलीमीटर उंच, म्हणजे २ चौरस सेंटीमीटर. दीड टक्क्याहून कमी. दोन शुभेच्छुकांचे फोटो मिळून १५ चौरस सेंटीमीटर. नुसत्या सूर्याला त्याहून जास्त. जागा होती. जागा कुणासाठी काढायची हा निर्णय होता, आणि तो मी पार्टीच्या वतीने घेतला.

एक गोष्ट मान्य करतो. शुभेच्छुकांच्या फोटोंना मी शिव्या घालणार नाही. तालुक्याच्या अल्बमचा खर्च कुठलीही कंपनी देत नाही. स्टुडिओचे तास, वादकांचे पैसे, हजार सीड्यांची छपाई, हे सगळं वर्गणीतून उभं राहतं, आणि कव्हरवरचा फोटो ही त्या वर्गणीची पावती असते. ती द्यायलाच हवी. पण पैसे देणाऱ्याला पावती आणि शब्द देणाऱ्याला काहीच नाही, हा कुठला हिशोब?

दुसरा आक्षेप, कव्हरवरची बारीक अक्षरं वाचतं कोण? उत्तर सोपं आहे. ज्याला वाचायची गरज पडते तो वाचतो. तो अपलोड करणारा मुलगा वाचतच होता. सगळ्या यंत्रणा तिथूनच वाचतात. गीतकार-संगीतकारांसाठी रॉयल्टी गोळा करणारी आयपीआरएस ही संस्था १९६९ पासून आहे. तिच्याकडून पैसे यायचे तर गाणं तुमच्या नावावर नोंदलेलं पाहिजे, आणि जे गाणं जगभर 'पारंपरिक' म्हणून फिरतंय ते माझं आहे हे सांगताना काका दाखवणार काय? माझं कव्हर?

तिसरा आक्षेप जास्त गोड आहे. "अहो, ही लोकांची गाणी, ह्यांना कवी कसला?" आमच्या जिल्ह्यात हा आक्षेप फार चालतो, कारण इथे गाणं खूप आहे. रामनवमीला पोहरादेवीच्या यात्रेत बंजारा समाजाची गाणी, होळीत तांड्यावरची लेंगी, कारंज्यात दत्ताची भजनं, एप्रिलमध्ये भीमगीतं. यातली काही खरोखरच पिढ्यानपिढ्यांची आहेत. तिथेसुद्धा 'पारंपरिक' लिहून हात झटकू नका. कुठल्या तांड्यावर ऐकलं, कोणत्या बाईने सांगितलं, ते लिहा. तीसुद्धा माणसंच आहेत. आणि ज्याचा कवी दोन घरं सोडून राहतो ते गाणं पारंपरिक नाही. त्याला चोरी म्हणायला जीभ अडखळते म्हणून आपण परंपरा म्हणतो.

चौथा आक्षेप शहरातल्या मित्रांचा. त्यांना वाटतं मी ह्या कव्हरांवर चिडतो ते ती भडक असतात म्हणून. सूर्यकिरणं, ग्लो, पिवळी कड ह्यांचे स्क्रीनशॉट एकमेकांना पाठवून ते हसतात. मित्रांनो, ग्लोने कुणाचं नुकसान झालेलं नाही. ज्याला तासाला चाळीस रुपये मिळतात आणि ज्याची पार्टी मागे उभी राहून "अजून चमकव" म्हणते, तो चमकवणारच. उलट तुमच्या त्या पांढऱ्याशुभ्र कव्हरवर कोपऱ्यात एक वाळकं पान असतं आणि नाव कुणाचंच नसतं, त्याला तुम्ही 'मिनिमल' म्हणता. माझ्या दृष्टीने दोन्ही गुन्हे सारखेच. तुमचा फक्त फॉन्ट चांगला आहे.

आणि आता तर कव्हर बनवायला माणूसही लागत नाही. मोबाईलवर वाक्य टाकलं की एआय चित्र काढून देतं. गायकाच्या मागे डोंगर, धबधबा, हवं ते. देवनागरी अक्षरं मात्र अनेकदा अशी उमटतात की कुठल्या लिपीतली ते कळू नये. त्यात नाव टाकायचं कुणाला सुचणार?

"पण आता कव्हर असतं कुठे, सगळं मोबाईलवर" हेही ऐकलंय. खरं आहे. स्ट्रीमिंगसाठी ३००० पिक्सेलचा चौकोन मागतात, तो फोनवर नखाएवढा दिसतो. तिथे समोर दहा नावं कोंबा असं मी म्हणत नाही. पण जागा तर उलट वाढली आहे. गाणं चढवताना गीतकार, संगीतकार असे वेगळे रकाने असतात. यूट्यूबच्या माहितीत ५००० अक्षरं बसतात. साध्या एमपी३ फाइलच्या आयडी३ टॅगमध्येसुद्धा गीतकारासाठी स्वतंत्र खाना १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून आहे. माझ्या मित्रांनी हे सगळे खाने बनवले. मी स्वतः अशाच खान्यांच्या कामावर पगार घेतो. खाना रिकामा ठेवायचा किंवा त्यात 'पारंपरिक' टाकायचं, हे मात्र कुठलंही सॉफ्टवेअर ठरवत नाही.

म्हणून डिझाइन करणाऱ्या पोरांना, आणि पोरींना, माझं सांगणं एवढंच. काम घेताना फोटो मागता तसा नावांचा कागद मागा : गीत, संगीत, गायन, वादन, ध्वनिमुद्रण, वर्ष. नावं आधी मांडा, त्यांचा लेअर लॉक करा, मग सूर्य उगवा. फोटो वाढले तर सूर्य लहान करा. 'पारंपरिक' लिहायला सांगितलं तर एकदा विचारा, कुणाकडून ऐकलं? आणि नाव काढायला सांगितलं तर त्या माणसाला विचारलंय का, ते विचारा. पार्टी चिडेल. चिडू दे. लग्नपत्रिकेत मामाचं नाव राहिलं तर हीच पार्टी पुन्हा छापून घेते ना?

त्या रात्री मी माळ्यावरून जुन्या सीड्या काढल्या. तिसऱ्या सीडीवर ती पीएसडी फाइल मिळाली, २००६ ची तारीख तशीच. उघडली तर फोटोशॉपने फॉन्ट सापडत नसल्याची तक्रार केली. लेअरच्या यादीत सगळी मराठी नावं रोमन अक्षरांचा कचरा होऊन बसली होती. वर सांगितलं ना, काँप्युटरला ते इंग्रजी बरळणंच वाटतं. कुठला कचरा म्हणजे काका, ते कळेना. मग डोळा बंद असलेला लेअर शोधला. एकच होता. त्यावर क्लिक केलं, आणि शुभेच्छुकांच्या फोटोंवर आडवं, पिवळ्या कडेसकट, स्वच्छ मराठीत काकांचं नाव उमटलं. अक्षरांचं चित्र फाइलमध्ये जपलेलं असतं, त्याला हात लावेपर्यंत ते तसंच राहतं.

काकांना दाखवलं. बराच वेळ बघत राहिले. म्हणाले, "होतं मंग."

"होतं काका. मीच झाकलं."

"झाकलं होतं नं, पुसलं त नोतं." एवढंच.

फाइलचं चित्र, वहीतल्या त्या पानाचा फोटो आणि नवं कव्हर त्या मुलाला पाठवलंय. उत्तर आलंय, 'बघतो दादा.' अजून ती ओळ तशीच आहे. मी दर रविवारी बघतो आणि त्याला आठवण करतो.

हा लेख लिहिताना काकांना फोन करून विचारलं, तुमचं नाव लिहू का? ते म्हणाले, "इथं काहून? इथं त तूच बोलून रायला. गानं जिथं हाय, तिथं लिव."

म्हणून इथे नाव नाही. तिथे येईपर्यंत हा विषय मी सोडणार नाही.

ता.क. : नव्या कव्हरवर गीतकार, संगीतकार, गायक, ढोलकी, बँजो, कोरस, सगळ्यांची नावं बसली. दोन्ही शुभेच्छुकही आहेत. सूर्य लहान केला. दुकानाचा मोबाईल नंबर तेवढा काढला.